आभाळमायाच्या 11 कॅसेट : पप्पांचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेताना ठेवलेल्या नोंदी

27 ऑक्टोबर 2024, रविवार

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून व्हीएचएस कॅसेटचं खोकं खाली काढलं. आठ कॅसेट, प्रत्येकीच्या पाठीवर पप्पांच्या अक्षरात "आभाळमाया" आणि नंबर. 1, 2, 3, 5, 6, 8, 10, 11. राहिलेल्या तीन (4, 7, 9) वेगळ्या पोत्यात सापडल्या, त्या 2019 च्या पुरात बुडालेल्या. आमचं घर सांगलीत गावभागात, त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळीच 45 ची, त्यामुळं खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. टीव्हीच्या कपाटात खालच्या कप्प्यात होत्या त्या भिजल्या. जुना व्हीसीआर फ्रीजबरोबर भंगारात गेला पण या तीन कॅसेट आईनं टाकू दिल्या नाहीत, वाळवून पोत्यात भरून ठेवल्या होत्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते, अल्फा मराठी (आताचं झी मराठी) 1999 ला सुरू झालं तेव्हाची ही मालिका, विनय आपटेंची, सुकन्या कुलकर्णी सुधा आणि मनोज जोशी शरद. आई तेव्हा दवाखान्यात नर्स होती, सेकंड ड्युटी असली की तिचा भाग चुकायचा म्हणून पप्पा रेकॉर्ड करून ठेवायचे आणि ती रात्री जेवताना बघायची. नोकरी करून घर ओढणारी सुधा तिला फार जवळची वाटायची. पप्पा जाऊन आठ वर्षं झाली. या कॅसेट मला वाचवायच्या आहेत, आणि हे काम करणाऱ्याला माझ्या चुका तरी उपयोगी पडाव्यात म्हणून लिहून ठेवते.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

दादा पुण्याहून आला होता. त्यानं तिकडं एका स्टुडिओत विचारलं होतं, कॅसेटमागं 500 रुपये म्हणजे 11 चे 5500. पण बुरशी लागलेली कॅसेट ते घेत नाहीत. टॉर्च मारून काचेतून बघितलं तर 2 आणि 10 मध्ये फितीच्या कडेला पांढरी पावडर बसलेली, म्हणजे बुरशीच, आणि पुरातल्या तीन तर त्यांनी हातातही घेतल्या नसत्या. मग घरीच करायचं ठरलं.

बुरशीच्या कॅसेट आजपासून वेगळ्या डब्यात. एक बुरशीची कॅसेट मशीनमध्ये घातली की ती हेडला (फीत वाचणारा भाग) लागते आणि तिथनं पुढच्या चांगल्या कॅसेटला. हात घालायच्या आधी मास्क आणि हातमोजे (200 रुपये), आणि साफसफाई गच्चीवर, घरात नाही.

10 नोव्हेंबर

मिरजेत जुन्या सामानाच्या दुकानातून व्हीसीपी (नुसती कॅसेट दाखवणारं मशीन, रेकॉर्ड न करणारं) आणला, 1500 रुपये. दुकानात त्यांच्या कॅसेटवर चित्र झकास दिसलं. घरी येऊन नंबर 1 लावली आणि सगळे दुप्पट वेगानं बोलायला लागले, चित्रावर आडवे पट्टे. मशीन बिघडलंय समजून दोन तास स्क्रू काढत बसले. बिघाड काहीच नव्हता. पप्पांनी कॅसेट वाचवायला सगळं एलपीवर, म्हणजे लाँग प्लेवर, रेकॉर्ड केलंय. 180 मिनिटांची कॅसेट एलपीवर सहा तास चालते कारण फीत निम्म्या वेगानं सरकते, आणि साध्या व्हीसीपीला एलपी कळतच नाही, तो आपल्या नेहमीच्या वेगानं ओढतो.

म्हणून मशीन घ्यायच्या आधी आपली स्वतःची कॅसेट घेऊन दुकानात जा आणि तिथं लावून बघा.

16 नोव्हेंबर

नवीन मशीन मिळेपर्यंत या व्हीसीपीवर हेड साफ करायचा सराव करू म्हटलं. कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून ड्रमवर (हेड ज्यावर बसवलेलं असतं तो फिरणारा गोल भाग) वर-खाली फिरवली. कापसाचा धागा हेडच्या टोकाला अडकला, मी ओढला, आणि टोक तुटलं. चित्र कायमचं गेलं, 1500 पाण्यात.

बरोबर पद्धत मला नंतर मिरजेच्या मिस्त्रीकाकांनी दाखवली. काडी नाही, कापूस नाही. साधा गुळगुळीत कागद आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये (99 टक्क्याचं, अर्धा लिटर 350 रुपये) ओला करायचा, एका बोटानं ड्रमच्या बाजूला नुसता टेकवून धरायचा, आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरच्या बाजूनं हळू फिरवायचा. कागद हलवायचा नाही, ड्रम हलवायचा. "ताई, कागद जागचा हलला की हेड गेलं समजा," असं ते दोनदा म्हणाले. कागदावर आधी तपकिरी रेघ येते, तीन-चार कागदांनंतर कोरा निघतो, मग थांबायचं.

20 नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

तासगावच्या एका घरातून एलपी चालणारा, चार हेडचा व्हीसीआर मिळाला, 4000 रुपये. कॅसेट आत घेत होता पण थोड्या वेळानं बाहेर टाकत होता. मिस्त्रीकाकांनी बेल्ट आणि एक रबरी चाक बदललं, आतलं वाळून घट्ट झालेलं ग्रीस खरवडून नवीन लावलं, 1800 घेतले. ते म्हणाले आता वर्षात दोन-तीन जण व्हीसीआर घेऊन येतात, आणि सगळे लग्नाच्या कॅसेटसाठी.

मतदान करून आले आणि नंबर 1 लावली. शीर्षकगीत सुरू झालं. अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज, पण आवाज थरथरत होता, लांब सुरावर तर स्पष्ट कळत होतं. फितीला पुढं ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झाला की असं होतं. रोलर अल्कोहोलनं पुसला, परत लावलं, थरथर गेली. तेव्हापासून प्रत्येक कॅसेट लावली की आधी शीर्षकगीत ऐकते. बोलण्यात जो दोष ऐकू येत नाही तो त्या सुरात लगेच येतो.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि गाणं संपेपर्यंत दारातच उभी राहिली.

24 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर

व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड 900 चं ऑनलाईन घेतलेलं. सहा तास रेकॉर्ड केलं आणि शेवटच्या भागात ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, दोन सेकंदांचा फरक. कारण असं की जुन्या फितीतून येणारा सिग्नल स्थिर नसतो, कार्ड मधल्या काही फ्रेम सोडून देतं, आवाज मात्र पूर्ण घेतं, आणि तो फरक साठत जातो. दोन रविवार यात गेले, केबल बदलून बघितली, दुसऱ्या लॅपटॉपवर बघितलं.

उपाय दोन केले. कार्ड बदललं (2600). आणि व्हीसीआर आणि कार्डच्या मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला (1200, सेकंडहँड), रेकॉर्ड करायला नाही, नुसता सिग्नल त्यातून पुढं जायला. तो प्रत्येक ओळ सरळ करून पुढं पाठवतो. चित्राच्या वरच्या बाजूला जे वाकडं व्हायचं ते पण गेलं. सगळे डीव्हीडी रेकॉर्डर असं करत नाहीत, जोडून बघूनच घ्यावा.

सेटिंग : पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. पहिल्यांदा कार्डानं आपोआप अमेरिकेचं सेटिंग धरलं होतं आणि चित्र काळंपांढरं येत होतं, ते तपासा. लॅपटॉपची झोप बंद करा. माझा चौथ्या तासाला झोपला होता आणि ते चार तास परत करावे लागले.

8 डिसेंबर

नंबर 1, 2, 3 झाल्या. 2 ची बुरशी गच्चीवर काढली, कोरडं मऊ कापड फितीच्या कडेला धरून पूर्ण कॅसेट हातानं गुंडाळली, दीड तास. त्यानंतर मशीन परत साफ.

कच्ची फाईल तासाला साधारण 30 जीबी होते, एका कॅसेटचे 180. लॅपटॉपमध्ये तेवढीच जागा, म्हणून एक कॅसेट घ्यायची, छोटी फाईल बनवायची, कच्ची उडवायची, असं चाललंय. छोटी करताना चित्र स्वच्छ केलं. सगळ्यात खाली व्हीएचएसची ती फडफडणारी रेघ असते, आणि तिच्यावर केबलवाल्याची जाहिरातींची निळी पट्टी, दोन्ही मिळून खालच्या 48 ओळी कापून टाकल्या. आता सुधाचं घर नीट दिसतं.

15 डिसेंबर

दुपारी आईला नंबर 3 मधले दोन भाग टीव्हीवर लावून दिले. शेंगा सोलत बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अगं खालची पट्टी कुठं गेली?"

म्हटलं कापली, घाण दिसत होती. ती काही बोलली नाही, शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या वाढदिवसाला पप्पांनी पट्टीवर नाव दिलं होतं. केबलवाल्याला पन्नास रुपये देऊन. मी ड्युटीवर होते, रात्री आल्यावर कॅसेट मागं घेऊन घेऊन तीनदा बघितलं."

मला हे अजिबात आठवत नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन, 9 जानेवारीचा वाढदिवस. मालिकेतल्या चिंगीचं (स्वरांगी मराठे) मला सगळं आठवतं, तिच्यासारखे केस कापायला मी आईकडं किती दिवस हट्ट धरला होता ते आठवतं, आणि पट्टीवर आपलं नाव आलं होतं हे आठवत नाही.

संध्याकाळी नंबर 5 लावली, अजून न कापलेली, आणि पहिल्यांदाच शरद-सुधाकडं न बघता खाली बघत बसले. निळ्यावर पिवळी अक्षरं, उजवीकडून डावीकडं. हरभट रोडवरचा साड्यांचा सेल. उद्या अमुक भागात पाणी येणार नाही. बारावीचे क्लास. कोणाची तरी हरवलेली तपकिरी म्हैस आणि शेजारी फोन नंबर. एका आजोबांच्या तेराव्याचं बोलावणं. सुधा ताट वाढत असते आणि तिच्या हातावरून ते तेराव्याचं बोलावणं जातं.

मालिकेचे भाग चॅनलकडं असतीलच, आमच्यापेक्षा शंभरपट चांगले. ही पट्टी जगात कोणाकडं नाही. ती आमच्या गावभागातल्या घरांत त्या रात्री दिसली आणि गेली, आणि कुणी मुद्दाम नाही तर पप्पांनी आईसाठी बटण दाबलं म्हणून राहिली. तीच मी तीन कॅसेटमधनं कापली आणि कच्च्या फायलीही उडवल्या.

पहिली गोष्ट म्हणून लिहिते, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल : कच्ची फाईल उडवू नका, आणि काहीही कापू नका.

22 डिसेंबर

2 टीबीची हार्ड डिस्क आणली, 5800. हा खर्च पहिल्या दिवशी केला असता तर अठरा तासांचं काम परत करावं लागलं नसतं. आठ कॅसेटचे साधारण 1440 जीबी होतात, बसतात.

25 डिसेंबर ते 5 जानेवारी 2025

1, 2, 3 परत घेतल्या, मग 5, 6, 8, 10, 11. सकाळी ऑफिसला जायच्या आधी कॅसेट लावायची, दुपारी आई संपली का बघते. तिला शिकवलंय, चौकोन दाबायचा, मग कॅसेट काढून उभी ठेवायची. एलपीमध्ये फितीवरचे ट्रॅक बारीक असतात त्यामुळं प्रत्येक कॅसेटला ट्रॅकिंग (हेड नेमकं ट्रॅकवर आणणं) हातानं लावावं लागतं, मशीनचं आपोआप ट्रॅकिंग दर दहा मिनिटांनी भरकटतं, ते बंदच ठेवलं. नंबर 10 मध्ये एका ठिकाणी फीत तुटली. घरातला साधा सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पसरून हेडला लागतो. फीत जोडायची खास पट्टी दादानं पुण्याहून पाठवली.

पट्टी शोधताना एक गोष्ट लक्षात आली. पप्पा जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायचे. आई जेवायला बसायची तेव्हा दहा वाजून गेलेले असायचे, तिचा वेळ जाऊ नये म्हणून. त्यामुळं प्रत्येक ब्रेकला एक छोटा झटका आहे, आणि पट्टीवरचं वाक्य तिथं अर्ध्यात तुटतं. कधी "हार्दिक" येतं आणि पुढं काही नाही. असे झटके मी मोजायला लागले होते, 5 नंबरमध्येच 41 झाले, मग सोडून दिलं. फक्त नंबर 8 मध्ये एकदा ते थांबवायला विसरलेत, की फोन आला होता काय माहीत, पूर्ण ब्रेक रेकॉर्ड झालाय आणि पट्टी सलग चार फेऱ्या फिरते. वाढदिवस त्यात दोन आहेत, माझा नाही.

मग लेबलं बघितली. नंबर 6 वर "डिसें. 2000 पर्यंत". नंबर 8 वर "फेब्रु. 2001 पासून". जानेवारी म्हणजे नंबर 7, पुरातली.

12 जानेवारी

पुरातल्या कॅसेटचं काम. आधी आमची एक रिकामी कॅसेट मुद्दाम नदीच्या गाळाच्या पाण्यात दोन दिवस ठेवून, वाळवून, तिच्यावर सराव केला. हे नक्की करा.

क्रम असा. मागचे पाच स्क्रू काढायचे, झाकण सरळ वर उचलायचं, आतल्या स्प्रिंगा उडतात त्यामुळं उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो. दोन्ही चाकं बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीच्या दुकानातून, 100 रुपयांचं) उभी ठेवायची, हळूच हलवायची, पाणी बदलायचं. नळाचं नको, क्षार बसतात. पहिलं पाणी चहासारखं झालं आणि पूर ओसरल्यावर घरभर जो वास होता तोच वास आला, आई बाहेर जाऊन बसली. चौथं पाणी स्वच्छ निघालं. मग सावलीत, पंख्याखाली, पाच दिवस. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, फीत आक्रसते. वाळलेली चाकं नवीन रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात बसवायची (दोन रिकाम्या 300 रुपयांना मिळाल्या).

19 जानेवारी

नंबर 9 जवळजवळ पूर्ण सुटली, सुरुवातीचे वीस-पंचवीस मिनिटं सोडली तर चालते. दर पंधरा मिनिटांनी हेड साफ करावं लागतं, नाहीतर चित्रावर बर्फ पडल्यासारखं होतं.

नंबर 4 विटेसारखी झालीय. एक वेढाही सुटत नाही. परत खोक्यात ठेवली.

नंबर 7 चे वेढे हातानं सोडवायला बसले, एका वेळी वीतभर. ओल्या कापडानं पुसत पुसत जायचं. पहिला भाग सुटला, मग आवाज बदलला. सुटताना बारीक चर्र असा आवाज यायला लागला आणि बघितलं तर फीत पारदर्शक. तपकिरी थर वरच्या वेढ्याला चिकटून निघून आला होता, माझ्या बोटांत नुसतं प्लॅस्टिक, पलीकडचं कापड त्यातून दिसत होतं. ज्याच्यावर सगळं रेकॉर्ड असतं तोच तो थर. तिथंच थांबले आणि कात्रीनं कापलं. अडीचशे मीटरमधली 36 मीटर हातात आली, एलपीच्या हिशोबानं 52 मिनिटं. बाकीचं चाक पिशवीत बंद करून ठेवलंय, टाकलेलं नाही.

26 जानेवारी

नंबर 7 ची 52 मिनिटं घेतली. एकदाच चालवायची असं ठरवून बसलो, दादा पण व्हिडिओ कॉलवर. रंग गेलाय, मधेमधे फितीला घड्या पडल्यात तिथं चित्र फाटतं, आवाज मात्र आश्चर्य वाटावा इतका नीट आहे.

38 मिनिटं 20 सेकंदांवर घडी येते, दोन सेकंद नुसता बर्फ. घडी जाते तेव्हा पट्टीवर डावीकडं निघून चाललेलं वाक्य असं आहे : "हिला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा – आई, पप्पा, दादा". त्याच्या आधी जे नाव होतं ते घडीत गेलं. नंतर सहा सेकंदांत पप्पांचा जाहिरातीचा झटका, आणि ब्रेकनंतर पट्टीवर फ्लॅटची जाहिरात.

दादा म्हणाला आई-पप्पा-दादा तर सांगलीत हजार घरांत असतील. बरोबर आहे त्याचं. लेबलवर नंबर तेवढा राहिलाय, बाकीचं पुरात धुवून गेलंय, त्यामुळं तारीखही नाही, नुसता जानेवारी महिना.

आईनं परत लावायला सांगितलं. फीत परत चालवायची नव्हती म्हणून फाईल लावली, तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाली, "आपलंच आहे. तुझ्या नावानंतर ही फ्लॅटची जाहिरात होती, मी तुझ्या पप्पांना म्हणलं होतं बघा, पोरीच्या मागं फ्लॅट आला."

2 फेब्रुवारी

हिशोब लिहायचा राहिला होता. व्हीसीपी 1500 (वाया), व्हीसीआर 4000, दुरुस्ती 1800, पहिलं कार्ड 900 (वाया), दुसरं 2600, डीव्हीडी रेकॉर्डर 1200, अल्कोहोल 350, हार्ड डिस्क 5800, रिकाम्या कॅसेट 300, पाणी 100, मास्क-हातमोजे 200. एकूण 18,750. वेळ म्हणाल तर तीन महिन्यांचे सगळे रविवार.

फायलींना नावं पप्पांच्या नंबरनीच दिलीत. नंबर 7 च्या फाईलमध्ये काहीच साफ केलेलं नाही, घडीसकट, बर्फासकट आहे तशी. एक प्रत दादाकडं पुण्याला, कारण गावभागात एकाच घरात दोन प्रती ठेवून उपयोग नाही. या फायली कुठं टाकणार नाही, मालिका ज्यांची आहे त्यांची आहे, घरातल्या घरात बघायच्या.

आईला पेनड्राइव्हवर नंबर 1 पासून लावून दिलंय. रोज रात्री जेवताना एक भाग.